लाल डाग तेवढाच हाय

अंजूर, १२ मार्च २००८

विनिताताई,

तुझे दिवस भरत आलेत, म्हणून फोनवर काय बोलली न्हाय.

शाळा सोडल्यापासून आयेला दवाखान्यात मीच नेते. सोमवारी मुंबईला नेलेली. तीन किमो झाल्यावर छातीतली गाठ किती उरली, ते मायक्रोवेव्हच्या लहरींनी फोटो काढणाऱ्या नवीन मशीनवर बघतात. पालथं झोपवून छाती कोमट पाण्याच्या टबात सोडतात. आये बोलली, "म्हशीसारखी डुंबवली गं मला!"

ती साडी नेसत होती तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला फोटो दाखवला. गाठीचा लाल डाग किमोच्या आधी होता तेवढाच. "औषध लागू पडलं नाही. शुक्रवारी ऑपरेशन. आईला तू सांगशील?" मी मान डोलावली.

येताना कशेळीला गाडी अडकली. आयेनं विचारलं, "कमी झाली ना?" मी दमलेली. "हा" बोलली.

आता ती राहीमावशीला सांगते, "गाठ विरघळली, कापायचं न्हाय." शुक्रवारी तुझ्याकडं यायला निघणार हाय.

तू तिला समजावशील म्हणून लिहायला बसली. पण पत्र पोचेस्तोवर शुक्रवार निघून जाईल. आये ओटीवर सुकट निवडतेय. मी बाजूला बसते नि निवडता निवडता खरं सांगते. तिच्या तोंडाकडं बघायला लागणार न्हाय.

तुझी,
दिपाली