अण्णासाठी रेझर

वडगाव, बेळगाव
६ नोव्हेंबर २०२४

ती. मारुतीराव दाजी यांस,
यल्लाप्पाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र दसऱ्याच्या आधी आलं आणि उत्तर दिवाळी सरल्यावर लिहितो आहे, याची माफी असावी. चारदा कागद घेऊन बसलो. काय लिहावं ते सुचेना, आणि लिहिलेलं आक्काच्या कानावर घालावं की नाही, ते तर त्याहून कळेना. तेव्हा हे पत्र आधी तुम्ही एकट्याने वाचा. फोन केला असता, पण माझ्या कानांचं तुम्हाला ठाऊक आहे. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात गेली. आता फोनवर मला नुसती माशी घोंगावल्यासारखं ऐकू येतं.

तर आमच्या थोरल्या अण्णाला दिवाळीआधी आठ दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. आक्काला आम्ही साधा ताप म्हणून सांगितलं, ते खोटं. तम्मण्णा अण्णाच्या छातीत सगळं आयुष्य सुताची धूळ गेली, तिने आता फुप्फुसं धरली आहेत. झोपेत त्याला श्वास बाहेर सोडता येत नाही, आत खराब वायू साठतो आणि माणूस गुंगीत जातो. डॉक्टरांनी घरी एक मशीन दिलं आहे. त्याचा मास्क नाकातोंडावर बसवून रोज निदान सहा तास झोपायचं. नाही झोपला तर पुन्हा दवाखाना, आणि पुढच्या खेपेला आणायला उशीर झाला तर आमच्या हातात काही राहणार नाही, असं त्यांनी वहिनींसमोरच सांगितलं.

आता अडचण ऐका. अण्णाची दाढी तुम्ही पाहिली आहे. काथ्याचं पायपुसणं असतं तसले केस. त्या खुंटांवर मास्क बसत नाही, कडेने हवा सुटते. मशीनमध्ये त्याची नोंद राहते आणि डॉक्टरांना ती दिसते. म्हणून रोज गुळगुळीत दाढी हवी. पण हृदयासाठी त्याला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. जरा कापलं की रक्त थांबत नाही. मंजुश्रीने आपल्या आजोबांसाठी विजेचं मशीन आणलं. त्याने खुंट राहतात, आणि चौथ्या दिवशी ते केस अडकून बंदच पडलं. मग प्लास्टिकचे रेझर आणले. एका जागी पाच-पाच वेळा ओढावं लागतं, कातडी लाल होते. सलूनवाला घरी आला, दोनदा कापलं, गोळीचं कळल्यावर हात जोडून गेला. मंजुश्रीचे वडील गोव्याला कामाला. वहिनींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पोरीच्या हातून दाढी करून घ्यायला अण्णा तयार नाही. उरलो मी.

तुम्ही निपाणीत चाळीस वर्षं कटलरीचं दुकान चालवलं. राठ केसांना कोणता लोखंडी रेझर चांगला, तो निवडून पाठवा. साडीवाला भावकू बाजाराला तिकडे येतो, त्याच्याकडे द्या. मला रोज सकाळी अण्णाच्या गळ्याशी पातं न्यायचं आहे, दाजी.

आपला,
यल्लाप्पा


निपाणी
१० नोव्हेंबर २०२४

चि. यल्लाप्पास, मारुतीरावचे अनेक आशीर्वाद.

तू एकट्याने वाचा म्हणून लिहिलंस, आणि तुझी आक्का माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जसं काही ताप मीच आणला. आता ती उठून यायला निघाली आहे. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला नाही, बसमध्ये चढणार कशी, म्हणून थोपवून धरली आहे.

भावकूकडे रेझर दिला आहे. दुकान आता पोराचं, पण हा मी स्वतः निवडला. समोर सहा मांडून बसलो होतो. हलके, चकचकीत होते ते बाजूला केले. त्यांच्या मुठीचे आटे महिन्यात झिजतात आणि पातं हलायला लागतं. पात्याखाली दातेरी पट्टी असलेले होते, ते आठ दिवसांची दाढी काढायला ठीक, रोजच्या कामाला आणि तुझ्यासारख्या भित्र्याला नकोत. हा सलग पट्टीचा आहे, स्टेनलेस स्टीलचा, तीन तुकड्यांचा. हातात घेऊन बघ, कसा वजनदार आहे. राठ केसाला हे वजनच कापतं, हाताने जोर लावायचा नाही. प्लास्टिकने तुला दाबायची सवय लागली असेल, ती सोड.

आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल पाच मिनिटं ठेव. ब्रशने फेस कर. पातं बसवून दोन्ही बाजूंना सारखं दिसतंय का बघ आणि रेझरची मूठ फिरवून पूर्ण आवळ. केस जिकडे वळलेत तिकडेच फिरव, उलटं नको. तीन दाढ्यांनंतर पातं बदल, कंजूषपणा करू नकोस. तुझा तो स्वभाव मला तुझ्या बहिणीच्या लग्नापासून ठाऊक आहे.

तम्मण्णाला सांग, दाजीने विचारलंय, की मिशीला अजून तूप लावतोस का रं.

प्रकृतीला जपून असा. माया आहेच.
मारुतीराव


वडगाव
१५ नोव्हेंबर २०२४

ती. दाजींना साष्टांग नमस्कार. वि. वि.

माझ्या हातून नको ते झालं. काल हनुवटीखाली अर्ध्या बोटाएवढं कापलं. पन्नास मिनिटं रक्त थांबलं नाही. वहिनी कापूस दाबून बसल्या आणि मी नुसता उभा. मंजुश्रीने डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले दाबून धरा, तासात थांबलं नाही तर घेऊन या. थांबलं. पण उशी बघवत नव्हती.

चूक माझीच. तुम्ही मूठ आवळायला लिहिलं होतं, मी तीनदा वाचलंही होतं. पण अण्णाचा गळा समोर आला आणि माझा धीर सुटला. वाटलं, एवढं आवळलेलं पातं चरचरून कापेल, जरा सैल असू दे. मागावर सूत तुटायला लागलं की आपण ताणा सैल करतो, मग धागा वाचतो. तसं म्हणून मूठ अर्धा फेरा सैल केली. पहिल्याच ओढीला पातं थरथरलं आणि घुसलं.

अण्णा ओरडला नाही. वहिनींनी मला खुणेने सांगितलं तो काय म्हणाला ते. म्हणाला, यल्ल्याला घाई झालीय माझी.

जखम भरेपर्यंत दाढी बंद. मास्क पुन्हा गळतो आहे. काल दुपारी अण्णा बोलता बोलता गुंगीत गेला, दोनदा हलवून उठवावा लागला. सोमवार सोडून पुढच्या सोमवारी, म्हणजे २५ तारखेला, डॉक्टर मशीनची नोंद बघणार आहेत. आकडे असेच राहिले तर भरती करू म्हणतात. रेझर कपाटात ठेवला आहे. मला तो हातात धरवत नाही. दुसरा काही उपाय असला तर लगेच लिहा. रागावलात तरी लिहा.

आपला,
यल्लाप्पा


निपाणी
१७ नोव्हेंबर २०२४

चि. यल्लाप्पास आशीर्वाद.

रागावलो आहे. अरे, मागाची अक्कल मागावर. मूठ सैल केली की पातं डोकं वर काढतं आणि थरथरतं. आवळलेलं पातं गप्प बसतं. जेवढं आवळशील तेवढं ते सौम्य. हे मी आधी फोडून लिहायला हवं होतं. एवढी वर्षं दुकानात बसून, विणकर काय करील ते मला सुचलं नाही, एवढी चूक माझी.

दुसरा उपाय नाही. रेझर बाहेर काढ. जखमेवर जाऊ नकोस, तिच्या बाजूने कर. पण त्याआधी एक दिवस स्वतःच्या तोंडावर हात बसव. आपल्याच कातडीवर फिरवलं की किती वजन टाकायचं ते कळतं. तुझी बहीण म्हणते, त्याला म्हणावं घाबरू नको. मी म्हणतो, घाबरा माणूसच या कामाला बरा, फक्त त्याने सांगितलेलं ऐकावं.

मारुतीराव


वडगाव
२० नोव्हेंबर २०२४

ती. दाजींना साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं ऐकलं. मूठ आवळली आणि माझ्या गालावर रेझर फिरवला. पण माझी दाढी म्हणजे काय, पोरासारखी मऊ आणि विरळ, तिच्यावरून काहीही फिरलं तरी कळत नाही. अण्णासारखा राठ केस माझ्या तोंडावर एकाच ठिकाणी, मिशीत. तेव्हा मिशीवर हात बसवला. आधी कात्रीने बारीक केली, मग रेझर. चार ओढीत साफ झाली. खरंच वजनाने कापतो हो. एक थेंब रक्त नाही.

पुढे काय होईल याचा मी विचार केला नव्हता. आपल्यात मिशी निघते ती आई-बाप नाहीतर थोरला भाऊ गेल्यावरच. दूध आणायला गेलो तर गल्लीतली बायका-माणसं दारात आली. मला त्यांचं ऐकू येईना, मी नुसती मान हलवत होतो. त्यावरून त्यांचा काय समज झाला कोण जाणे. दोघीजणी वहिनींकडे तोंड पाडून आल्या, आणि अण्णा आत चहा पीत बसलेला.

काल आणि आज अण्णाची दाढी केली. गाल, हनुवटी, जबडा, सगळं गुळगुळीत. मास्क लावला. सुटणाऱ्या हवेचा आवाज मला ऐकू येत नाही, म्हणून मी सुताचा एक धागा कडेने धरून फिरवतो. गालावर धागा गप्प राहिला. हनुवटीवरही गप्प. नाकाखाली नेला आणि फडफडायला लागला.

मिशी, दाजी. मिशीतून हवा सुटते आहे. मंजुश्रीने मशीनवर बघितलं, निम्मी गळती अजून तशीच आहे.

अण्णाला सांगितलं तर त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या ओठाकडे बघितलं, आणि वहिनींना म्हणाला, कोण मेलंय ते आधी सांगा, मग मिशीला हात लावा. मी हात जोडले. म्हटलं, अण्णा, माझी गेली, काय झालं मला? तो म्हणाला, तुझी होती कुठं रं. वहिनी म्हणाल्या, जिवापेक्षा मिशी मोठी का. त्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडला. आज बुधवार. सोमवारला पाच दिवस राहिले. तुमच्या शब्दाला तो मान देतो. काही तरी करा.

आपला,
यल्लाप्पा


निपाणी
२२ नोव्हेंबर २०२४

चि. यल्लाप्पास आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन भावकू काल आला, पण पत्राआधी त्याचं तोंड उघडलं. दुकानात शिरता शिरता पोराला म्हणाला, यल्लाप्पाने मिशी उतरवलीय, गल्लीत सगळे गप्प हायत, मी लई विचारलं न्हाय. आमचं पोर घरी धावलं. तुझ्या आक्काने हंबरडा फोडला. मी वहिनींना फोन लावला, उचलेनात. दहा वेळा लावला. तेवढ्यात हिने उठून डोक्यावरून पाणीसुद्धा घेतलं. ओली बाई उंबऱ्यात बसली, गुडघा धरून, आणि मी तुझं पाकीट फोडायचं विसरून उभा.

अकराव्या वेळी फोन उचलला तो खुद्द तम्मण्णाने. वहिनी म्हणे नळावर होत्या. मी फोन हिच्या हातात दिला. ही तोंडाला येईल ते बोलत रडत होती, दादा गेला, माझा दादा गेला म्हणून त्यालाच सांगत होती. तो म्हणाला, मी न्हाय गेलो अजून, काय ते बोल. ही गप्प. मग म्हणाली, मी आंघोळ केली रं तुझ्या नावानं. त्याचा श्वास मला इकडे उभा राहून ऐकू येत होता, यल्लाप्पा. तू लिहिलंस त्याहून वाईट आहे तो.

मिशीचं मी त्याच्याकडे काढलं नाही. तो आणि ती एवढी शांत झाल्यावर माझी जीभ उचलली नाही. सोमवारी काय झालं ते त्याच दिवशी लिही.

मारुतीराव


वडगाव
२५ नोव्हेंबर २०२४

ती. मारुतीराव दाजी आणि ती. आक्का यांस, यल्लाप्पाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

दवाखान्यातून आत्ताच आलो, हातपाय न धुता लिहितो आहे. भरती केलं नाही.

आक्काचा फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गरम टॉवेल घेऊन गेलो तेव्हा अण्णा खुर्चीत ताठ बसला होता. वहिनींना म्हणाला, बहिणीनं माझी आंघोळ करून टाकलीय, रडून झालंय, आता मिशी ठेवून कुणाला दाखवू. काढ म्हणावं त्याला. मी वहिनींना दोनदा विचारलं, नीट ऐकलंत ना. मग कात्री घेतली. मूठ तीनदा आवळून बघितली. नाकाखालच्या खळगीत पातं नेताना मी श्वास धरला होता, आणि अण्णाने डोळे मिटले नाहीत, सगळा वेळ माझ्याकडेच बघत होता. रक्त आलं नाही.

मास्क चपखल बसला. डॉक्टरांनी आज नोंद बघितली आणि मंजुश्रीला विचारलं, सहा तास सांगितले होते, हे दहा-दहा तास कसे? पोर हसायला लागली. मला तिने नंतर लिहून दाखवलं. अण्णाला उघड्या ओठाची लाज वाटते. कोणी दारात आलं की तो चटकन मास्क ओढून घेतो आणि झोपल्याचं सोंग करतो. सोंग करता करता झोप लागते. दुपारी शेजारी आले तरी मास्क, जावई आला तरी मास्क. शनिवारपासून एकदाही गुंगी आली नाही. काल वहिनींशी भाजीच्या मिठावरून अर्धा तास भांडला.

आता आक्काला एक विनंती. तुम्ही येणार, हे अण्णाला कळलं आहे. तो वहिनींना विचारतो, ती कधी येणार, मला मास्क लावून बसव. समोर आलात की तुला मिशीशिवाय बरं दिसतं असं चुकूनसुद्धा म्हणू नका. त्याला बरं दिसतं असं वाटलं तर तो मास्क काढून ठेवील. पुढची तपासणी महिन्याने आहे. रोज सकाळी दाढी मी करीन, मिशीही वाढू देणार नाही. भीती गेलेली नाही, रोज मूठ तीन-तीनदा आवळून बघतो. पण तपासणीपर्यंत त्याची लाज टिकायला हवी.

म्हणून दाजी, तुम्ही दोघं नक्की कोणत्या दिवशी येणार ते लवकर कळवा. आणि आक्का त्याला काय म्हणणार आहे, तेही आधी मला लिहून पाठवा.

तुमचाच,
यल्लाप्पा