पट्ट्यांखालचा फोम

मंगळवार, ४ मार्च

हा कारागीर मला पटलेला नाही! झोपायच्या खोलीतली फरशी उखडली, खालच्या काँक्रीटवर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चिकटवला आणि म्हणे, "काका, तीन दिवस थांबू. ओल आहे का कळेल." कामचुकारांना बहाणे हजार. सोमवारी बायको घरी येतेय, खुबा बदललाय, वॉकर घेऊन चालायचं. जुनी फरशी निसरडी, म्हणून तर हा व्हिनाइलच्या पट्ट्यांचा खटाटोप!

शुक्रवार, ७ मार्च

तुकड्याखाली थेंब निघाले. (यानेच पाणी शिंपडलं नसेल कशावरून?) आता झोपायच्या खोलीत आधी काळं प्लास्टिक, मग पट्ट्या. मागच्या खोलीत जमीन लाकडी, तिथे मात्र प्लास्टिक नाही. "लाकडात ओल कोंडते, काका." इथे एक न्याय, तिथे दुसरा! आणि फोम कुठेच नको म्हणतो. "पट्टीच्या पाठीला गादी आहेच. आणखी मऊ केलं तर पट्ट्यांचे सांधे निसटतील." मी आणलेला अख्खा रोल हा घरी नेणार, दुसरं काय! मी काय दुधखुळा आहे?

शनिवार, ८ मार्च

तो जेवायला गेला, तेवढ्यात काळं प्लास्टिक उचलून खाली फोम सरकवला. दुहेरी. पलंगाजवळच, जिथे तिचे पाय टेकतील.

परत आल्यावर थबकला. "इथे मऊ का लागतंय, काका?"

"तुम्हीच अंथरलंय, मला काय विचारता!"

सोमवार, १० मार्च

ती आली. "पायाला छान वाटतंय हो." मी खूश!

गुरुवार, २७ मार्च

पलंगापाशी सांधा उघडला. वॉकरचा पाय अडकला, ती पडता पडता राहिली! ज्याने पट्ट्या विकल्या आणि हा कारागीर पाठवला, त्या दुकानदाराला फोन करून कारागिराच्या नावाने सगळं बोललो— हलकं सामान, ढिसाळ काम, काही ठेवलं नाही.

शुक्रवार, २८ मार्च

तो आला. पट्ट्या काढल्या, प्लास्टिक उचललं. फोम! त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दारात वॉकर धरून उभ्या असलेल्या तिच्याकडे.

"काय झालं होतं?" तिने विचारलं.

"माझीच चूक, काकू."

फोम काढला, नव्या पट्ट्या बसवल्या. फार लाज वाटली. तरी फोम मी घातला हे काही सांगितलं नाही.

सोमवार, ३१ मार्च

दुकानदाराचा फोन. "त्याने चूक कबूल केली. काढून टाकलं त्याला कामावरून."

"कोणाचा फोन हो?" ती आतून.

"राँग नंबर," म्हणालो.