एक रहिवासी संचालक पाहिजे

४ मार्च, सकाळी ७
काल पोहोचलो. खोली उत्तम. लॉन्ड्रीच्या वर, दुसरा मजला. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. खालची मशिनं सुरू झाली की टेबल थरथरतं, त्यामुळे अक्षर जरा हललेलं येईल. बाकी उद्योजकाला शोभेल अशी जागा.
पुढे घोटाळा नको म्हणून आधीच लिहून ठेवतो. मी इथे कंपनी काढायला आलो आहे. पंपाचे रबरी वायसर. कारखान्याच्या खरेदी खात्यात एकतीस वर्षं वायसरमध्येच गेली, तो अनुभव घरी बसून कुजवायचा कशाला? लेक आणि जावई याच शहरात राहतात हा निव्वळ योगायोग. जगात देश पुष्कळ आहेत. अभ्यासाअंती हाच निघाला.
लेक म्हणाली होती, विमानतळावर घ्यायला येते. म्हटलं, नको, मी बिझनेससाठी येतोय. ती म्हणाली, बरं. इतक्या चटकन बरं म्हणेल असं वाटलं नव्हतं. समजूतदार आहे.
ठराव: आठ दिवसांत नोंदणी. महिन्याभरात पहिला कंटेनर. नोंदणी झाली की परत, हे घरून निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवलंय.

५ मार्च
नोंदणी कार्यालय. तिसरा मजला. दाराशी यंत्र आहे, बटण दाबलं की टोकन. माझा नंबर ८८, चालू १९. हरकत नाही, वातावरणाचा अभ्यास झाला.
खिडकी नंबर चारवर चष्मेवाल्या बाई. कंपनीचं नाव विचारलं. सांगितलं, ग्लोबल इंटरनॅशनल वायसर. त्या म्हणाल्या, इंटरनॅशनल लावायचं तर निदान दोन देशांत धंदा हवा. म्हटलं, होणार आहे. म्हणाल्या, झाल्यावर लावा.
बाई वाईट नाहीत. पण दूरदृष्टी नाही.

९ मार्च, रविवार
लेक आली. चाळीस मिनिटं होती. ती नर्स आहे, पाळ्या वेड्यावाकड्या असतात. डबा घेऊन आली. खुर्ची एकच, म्हणून ती पलंगावर बसली आणि खोलीभर नजर फिरवली. म्हणाली, बाबा, घरी चला ना, आमची मागची खोली रिकामीच आहे. म्हटलं, जमणार नाही, कंपनीचा पत्ता हा दिलाय, संचालकाने पत्त्यावर राहायला हवं. ती म्हणाली, असा नियम आहे का? म्हटलं, असतो.
मग तिने तो विषय काढला नाही. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी विचार केला असता. पण ती पडली सरळ स्वभावाची, नाही म्हटलं की तिला नाहीच वाटतं.
डबा दोन दिवस पुरवला.

१२ मार्च
नाव मंजूर. नुसतं 'वायसर ट्रेडर्स'. भारदस्तपणा गेला, पण सुटसुटीत आहे.
आता नवीन फाटा. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, मालकी सगळी तुमची असली तरी चालेल, तुम्ही परदेशी असलात तरी चालेल, पण एक संचालक इथला कायमचा रहिवासी लागतो. म्हटलं, कशाला? म्हणाल्या, आम्ही पत्र पाठवलं तर घेणारं कोणीतरी इथे हवं.
एवढंच ना. माझी इथे ओळख भरपूर. यादी केली: विमानातले गृहस्थ, घरमालक, न्हावी.
लेकीला यात ओढायचं नाही. तिला वेळ नसतो.

१४ मार्च
विमानातल्या गृहस्थांना फोन. अकरा तास शेजारी होतो. उतरताना कार्ड देऊन म्हणाले होते, काहीही लागलं तर हाक मारा. म्हणून मारली. त्यांनी विचारलं, आपण कोण? सांगितलं. विचारलं, डावीकडचे की उजवीकडचे? म्हटलं, डावीकडचा. म्हणाले, सारखे शिंकत होते ते? म्हटलं, ते उजवीकडचे. हां, म्हणाले, ते आठवतात.
पुढच्या वर्षापर्यंत बिझी आहेत. मोठी माणसं असतातच बिझी.

१८ मार्च
घरमालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, बायकोला विचारल्याशिवाय मी कशावर सही करत नाही. म्हटलं, मग विचारा. म्हणाले, तसलं विचारलेलं तिला आवडत नाही. विषय संपला.
तिथून न्हाव्याकडे. नऊ दिवसांत दुसरी खेप, कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी बसलो. कंपनीची योजना सविस्तर सांगितली. त्याचे डोळे चमकले. कात्री थांबवून म्हणाला, मी पण दोन वर्षांपूर्वीच आलोय बाहेरून, दुकान माझ्या नावावर करायला मलाही इथला एक माणूस हवाय, तुम्ही व्हाल का? इतक्या आशेने सांगत होता की मध्येच तोडवेना. पूर्ण बोलू दिलं, मग सांगितलं. दोघंही आरशात बघत राहिलो. मान मोफत चोळून दिली.

२३ मार्च, रविवार
लेक आली नाही. पाळी बदलली. फोनवर तीन मिनिटं बोलली. म्हटलं, काम झपाट्यानं चाललंय, इकडे यायची घाई करू नकोस. ती म्हणाली, जेवता ना नीट? म्हटलं, बिझनेस लंच असतात.
दुपारी कंपनीची पाटी केली. पुठ्ठ्याचीच, पण अक्षर छान आलं (रविवारी मशिनं बंद असतात). घरमालक दाराबाहेर लावू देत नाहीत, म्हणून आतून लावली. पलंगावरून स्वच्छ वाचता येते.

२६ मार्च
आज फक्त खिडकीवर जाऊन यायचं होतं. चष्मेवाल्या बाई आता टोकन न बघताच ओळखतात. म्हणाल्या, इथे तुमचं खरंच कोणी नाही? म्हटलं, लेक आहे. बाईंनी चष्मा काढला. तीन आठवडे येताय आणि हे आज सांगताय? म्हटलं, तिला वेळ नसतो. म्हणाल्या, विचारलंत का तिला?
हा प्रश्न फॉर्मवर कुठेही नाही.

२७ मार्च
लेकीला फोन केला. आधी पाच मुद्दे काढून ठेवले होते: कायदा, जबाबदारी, वायसरचा बाजार, कुटुंबाची प्रतिष्ठा आणि इतर. पहिल्याच मुद्द्यावर ती म्हणाली, कधी यायचं सांगा. उरलेले चार तसेच राहिले. कागद जपून ठेवलाय.

१ एप्रिल, मंगळवार, संध्याकाळी ६
संपूर्ण दिवस वाया. दोघांनी मिळून साहेबांसमोर सही करायची होती. टोकन ९७, चालू ३१. चार तास बाकावर बसून. या देशाची प्रगती कशी झाली कोण जाणे.
वेळ कसा वाया गेला त्याची नोंद: यंत्राचा चहा घेतला. तिचा फार गोड निघाला, म्हणून तिने माझ्यातला अर्धा प्यायला. मग म्हणाली, बाबा, वायसर म्हणजे नक्की काय हो? एकतीस वर्षांत घरात हे कोणी विचारलं नव्हतं. टोकनच्या मागे चित्र काढून दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे दोन लोखंडं एकमेकांना भिडली तरी पाणी गळू नये म्हणून मध्ये बसतो तो. म्हटलं, साधारण. तिच्या आईचं काहीबाही निघालं. हसली दोनदा. मग रात्रपाळी करून आली होती, तर बसल्या बसल्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.
खांदा पार अवघडला. हलताही येईना.
मध्येच ९७ लागला. लक्षात यायला जरा वेळ झाला. लक्षात आलं तेव्हा ९९ चालू होता. नवीन टोकन घ्यावं लागलं, १४१.
शेवटी साहेबांसमोर गेलो तर माझी सही पासपोर्टवरच्या सहीशी जुळेना. खांद्यामुळे. साहेब म्हणाले, दोघांनी परत या. मी बराच रागावलो. लेक रागावली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली. म्हटलं, सरकारी काम आहे, दोन-चार खेपा होणारच.

८ एप्रिल
तयारीनिशी गेलो. दोन डबे, पाण्याची बाटली, पत्त्यांचा कॅट. लेकीने परस्पर कॉम्प्युटरवरून वेळ घेऊन ठेवली होती. टोकन नाही, बाक नाही. सरळ आत. सही जुळली. दहा मिनिटांत बाहेर.
हे काही बरोबर नाही. इतका महत्त्वाचा व्यवहार इतक्या घाईत उरकू नये. चष्मेवाल्या बाईंकडे तसं बोललोही.
लेकीची पाळी होती. दोन-दोन पायऱ्या उतरत गेली. लहानपणीही अशीच उतरायची, ओरडून काही उपयोग नसे. डबे मी बाकावर बसून संपवले. दोन्ही.

१५ एप्रिल
सर्टिफिकेट आलं. शिक्का, सही, सगळं. संचालक म्हणून माझं नाव आणि खाली रहिवासी संचालक म्हणून तिचं. दोघांची नावं एका कागदावर येण्याची ही तिच्या शाळाप्रवेशानंतरची पहिलीच वेळ.
लगेच फोन केला. मनापासून आनंद झाला तिला. म्हणाली, झालं बाई एकदाचं, केवढा त्रास झाला बाबा तुम्हाला. मग म्हणाली, तिकिटाचं बघायचं ना आता? ह्यांनी शनिवारचं पाहून ठेवलंय.
म्हटलं, व्हिसा अजून दोन महिने आहे. धंदा सुरू करायचाय. ती म्हणाली, गिऱ्हाईक मिळालं? म्हटलं, बोलणी चालू आहेत. कोणाशी? फोनमध्ये खरखर फार होती.

१६ एप्रिल
नोंदणी कार्यालयात जाऊन आलो. चष्मेवाल्या बाईंना म्हटलं, फाईल एकदा नीट तपासा, काही राहिलं असेल, एखादी हरकत, एखादी सही. त्यांनी पहिल्या पानापासून पाहिलं. म्हणाल्या, काही राहिलेलं नाही, अगदी चोख काम आहे. आता तुम्हाला परत यायची गरज नाही.
फार आपुलकीने म्हणाल्या.

१९ एप्रिल, शनिवार, विमानतळ
लेक सोडायला आली. सुट्टी काढून. वाटेत म्हणाली, बरं झालं तुमचं वेळेत आटोपलं, पुढच्या आठवड्यात सासूबाई आणि मामंजी येताहेत, मला तयारी करायला वेळ मिळेल.
विचारलं, किती दिवस? म्हणाली, तीन महिने.
म्हटलं, तीन महिने? ते काय काढताहेत इथे?
ती सिग्नलकडे बघत होती. म्हणाली, काढताहेत काय बाबा, काही नाही. नुसतेच येताहेत. आमच्याकडे राहायला.
हे चालतं, हे मला माहीत नव्हतं.