उंबरठ्यापाशी अडलेली गाडी

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं दर वेळी लिहिते. या खेपेला ते खरं आहे.

रोबोट बनवायचा संच तू तुझ्या भाचीच्या, आमच्या मुंगीच्या हाती दिलास आणि माझ्या गळ्यात काम बांधलंस: तुझ्या बालवाचनालयासाठी असे संच घ्यावेत का, ते मोकळेपणाने कळव. कळवते. आज इतकं सांगायचंय की शिलाई बाजूला सारून बसलेय. तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीचं उत्तर मात्र शेवटी देईन.

आधी तक्रारी. सुटे भाग इतके बारीक की केर काढताना जीव मुठीत धरावा लागतो. एक स्क्रू हरवला आणि आम्ही दोघी दुपारभर जमिनीवर ओणव्या. बॅटऱ्या तर खादाडासारख्या संपतात. गाडीला सूचना द्यायला फोन लागतो, म्हणजे पोर परत पडद्यात डोकं घालून बसणार. पुस्तिकेतली गाडी जमली की काहींचा खेळच संपतो. शेजारच्या मुलाचा संच तसाच कपाटावर धूळ खात पडलाय.

शिवाय सुरुवातीला नुसती रडारड. डावं चाक पुढे, उजवं मागे, गाडी आपली जागच्या जागी गरागरा. खराब निघाली, मावशीला परत पाठवू, असं मी म्हणून बसले. मुंगी नाक पुसत म्हणाली, "ती खराब नाहीये, आई. मी सांगितलं तसंच करतेय. माझंच सांगणं चुकलंय."

ताई, हे आपल्याला या वयातही म्हणवत नाही. मला तर तिथेच तिचा पापा घ्यावासा वाटला. वाचनालयाच्या समितीपुढे एवढंच वाचून दाखवलंस तरी चालेल.

मग तिने गाडीला काळ्या रेषेवरून चालायला शिकवलं. गाडीच्या पोटाखाली एक डोळा असतो, तो काळी रेघ बघत जातो. चिकटपट्टी संपली तेव्हा बाईसाहेबांनी माझी गणवेशांची काळी फीत पळवली आणि स्वयंपाकघरापासून मागच्या खोलीपर्यंत लावली. वाटेतल्या पायपुसण्याला काळी किनार. गाडी तिलाच रस्ता समजून पायपुसण्याभोवती चकरा मारत राहिली. हसून हसून माझं पोट दुखलं.

मागच्या खोलीत कोण असतं ते तुला माहीत आहे. करवतीत ह्यांची दोन बोटं गेली तेव्हापासून हे तिथेच. ताट दाराशी ठेवायचं, रिकामं उचलायचं. सुतारकामाची पेटी नजरेसमोर नको म्हणून माळ्यावर चढवायला लावली. मी तुला 'आराम करतायत' एवढंच लिहीत आले. तू ओळखलंस, म्हणून तर लिहिलंस, 'दोघी कायमच्या माझ्याकडे या'. मी बॅग काढूनही ठेवली होती.

मुंगी गाडीवर बाबांसाठी बिस्किट ठेवायची आणि गाडी उंबरठ्यापाशी अडायची. चाकं फिरतायत, गाडी हलत नाही. तिने वह्या लावून पाहिल्या, पुठ्ठा लावला. पुठ्ठा वाकला, बिस्किट पडलं. रोज हेच. हे पलंगावरून बघत असणार, कारण काल दुपारी आतून आवाज आला, "चढ फार उभा झालाय. माझी पेटी आण."

शिवणयंत्रावरचा माझा पाय थांबला. पेटी मीच उतरवली. रंधा डाव्या हातात, उजवा नुसता आधाराला. उताराची पहिली पाचर वाकडी झाली, फेकली. दुसरीही फेकली. मुंगी हळूच म्हणाली, "बाबा, लाकूड खराब नाहीये." आता ओरडणार म्हणून मी पुढे झाले.

हे हसले, ताई. किती दिवसांनी हसले.

पुढची पाचर बसली. गाडी आत गेली, बिस्किट पोचलं. मग तिला परतीची वाट हवी म्हणून हे गुडघ्यांवर बसून फीत चिकटवत चिकटवत स्वयंपाकघरात आले आणि तिथेच आमच्यासोबत जेवले.

तेव्हा संच घे. दोन मुलांत एक दे, भागांना झाकणाचे डबे ठेव, आणि जवळ कुणी मोठं माणूस बसव. गाडी अडली की त्यालाही काम मिळतं.

आता शेवटची ओळ. येतो आम्ही, पण सुट्टीत, चार दिवस, आणि तिघं. तुझ्या वाचनालयाला पायऱ्या आहेत, उतार नाही, असं मी बोलून गेले, तर हे सकाळपासून माप विचारतायत. पायरीची उंची लगेच कळव.

पेटी उतरवली त्या जागी बॅग परत चढवलेली,
तुझी धाकटी