चोवीसपैकी सहा

तीर्थरूप मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? वकिली सोडल्यापासून तुम्ही सकाळी फिरायला जाता असं मामींनी कळवलं होतं. तर फिरून या, चहा घ्या, खुर्चीत नीट टेकून बसा आणि मगच पुढचं वाचा. मी अजून सावरलेले नाही.

तुमची नात कायदा शिकायचा म्हणून प्रवेश परीक्षेची तयारी करतेय. बाकी सगळं जमतं, पण उतारा वाचून उत्तरं द्यायची म्हटली की रडकुंडीला येते. मी म्हटलं, त्यात रडायचं काय? मी वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतेय, स्वल्पविराम चुकला तरी मला लांबून दिसतो. (गेल्या महिन्यात एका लग्नपत्रिकेत वराच्या जागी वधूच्या वडिलांचं नाव पडलं होतं, ते मीच पकडलं.) चल, मीही सोडवते! तिच्या बाबांनाही बसवलं, तेवढाच टीव्ही बंद राहील म्हणून. ते वायरमन, त्यांचं वाचन म्हणजे मीटरवरचे आकडे.

उतारा एका जुन्या पुलाबद्दल होता. नगरपालिकेला तो पाडायचाय, एका प्राध्यापकांना ठेवायचाय, आणि लेखक महाशय धड इकडे नाहीत की तिकडे नाहीत. पहिलाच प्रश्न, लेखकाचा सूर कोणता? पर्याय वाचून मला घेरी यायची बाकी राहिली. सावध कौतुक, कौतुकमिश्रित साशंकता, साशंक तटस्थता आणि तटस्थ सहानुभूती! मामा, ही काय उत्तरं झाली? माणूस एक तर चिडतो किंवा चिडत नाही. 'संताप' हा पर्यायच नव्हता, तो मी खाली पेन्सिलीने लिहून त्याच्यावर खूण केली. लेक म्हणाली, "आई, राग तुला आलाय, लेखकाला नाही." पुढे, उताऱ्यावरून कोणतं अनुमान निघतं? मी चटकन ओळखलं की नगरपालिकेचा अभियंता ठेकेदाराला सामील आहे. "पण ठेकेदार उताऱ्यात आलाय कुठे?" आला नाही, म्हणूनच तर संशय!

लेकीने तपासलं. मला चोवीसपैकी सहा. (पुन्हा मोजायला लावले, तर पाचच भरले, तेव्हा सहावरच मिटवलं.) तिला स्वतःला तेरा. आणि ह्यांना एकवीस.

मामा, एकवीस! लगेच दुसरा उतारा दिला, मधमाश्यांचा, आणि मी समोर पहाऱ्याला बसले. बावीस. विचारलं, हे कसं काय? तर खाली मान घालून म्हणाले, "नकाशात जिथे वायर दाखवलेली नाही, तिथे मी दिवा लावायला जात नाही." मग लेकीला शिकवायला बसले. उत्तराला आधार देणारी ओळ बोटाने दाखव, ओळ सापडली नाही तर तो पर्याय खोड. आठवड्यात पोरगी तेरावरून एकोणिसावर. आणि मी इतकी वर्षं 'ह्यांना वाचनाचं अंग नाही' असं गावभर सांगत फिरले, त्याचं काय करू? आता छापखान्यात मुद्रितावर सही करण्याआधी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचते.

असो. मामींना नमस्कार सांगा.

तुमची भाची

ता. क. प्रवेशाच्या फॉर्मला शिफारसपत्र जोडावं लागतं. लेकीची काळजी नसावी, तिला तिच्या बाई देणार आहेत. हवंय ते ह्यांना. होय, फॉर्म ह्यांनीही भरलाय. (पदवी त्यांनी बाहेरून परीक्षा देऊन नऊ वर्षांपूर्वीच घेतली, तुम्हाला कळवायचं राहून गेलं.) वकिलाची सही असेल तर बरं, आणि आमच्या ओळखीत वकील एकच.

ता. क. २. शिफारसपत्रात एक रकाना आहे, 'उमेदवाराला आपण किती वर्षांपासून ओळखता?' आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. "तारा जोडणाऱ्याच्या घरात भाची देणार नाही" असं म्हणून तुम्ही जे उठून गेलात, ते गेलातच. तुमच्या पत्रांत आमच्या मांजराचीसुद्धा चौकशी असते, ह्यांची नसते. रविवारी घरी या. एकदा समोरासमोर बसून बोला, आणि मग त्या रकान्यात खरं तेच लिहा.

ता. क. ३. हे पत्र लिहिल्याचं ह्यांना माहीत नाही. मी तुमचं नाव सुचवलं तर म्हणाले, "कशाला, त्यांचा गुडघा दुखतोय." फॉर्मची मुदत सोमवारी संपते.