तुम्हाला एक फोन येणार नाही

आई, तुझ्या सातपूरच्या चार खोल्यांबद्दल लिहायचंय आणि मी आधीच भरकटतोय, कारण समोरच्या गाडीवर मिसळीचा रस्सा उकळतोय आणि माझं लक्ष सारखं तिकडे जातंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आधी हातातलं संपव." तर हातातलं असं आहे. झेंडूचं वावर विकून तू या खोल्या बांधल्यास, कंपनीत शिफ्ट करणाऱ्यांसाठी. तू गेलीस तेव्हा मी सहावीत होतो. त्यानंतर एवढी वर्षं मावशीने त्या सांभाळल्या. गेल्या वर्षी तिचे गुडघे बोलायला लागले, जिना चढवेना, तेव्हा ती म्हणाली, "आता तुझं तू बघ, नाहीतर बघणारा एखादा माणूस ठेव." मला बघायचं नव्हतं, मला हिमाचलात भटकायला, स्पितीला जायचं होतं. म्हणून माणूस शोधायला निघालो.

तूही एकदा तेवढ्यापुरता असाच माणूस शोधला होतास, तुझं ऑपरेशन ठरलं तेव्हा. दोघांची नावं कुणीतरी सुचवली होती. त्यांना घरी बोलवून चहा पाजायचा सोडून तू ते सांभाळत असलेल्या खोल्या बघायला निघालीस, मला बरोबर घेऊन. पहिल्या ठिकाणी तू सरळ मागच्या नळावर जातेस, भांडी घासणाऱ्या बायकांजवळ उकिडवी बसतेस. "माणूस कसा आहे गं तो?" "चांगलाय." "काही त्रास?" "नाय काही." तेवढ्यात तो स्वतःच येतो आणि सगळ्या बायका एकदम भांड्यांत माना घालतात. मी कंटाळून रस्त्यावर पळतो, तिथे एका बसचं चाक बदलताहेत. दुसऱ्या ठिकाणी मात्र मला हलावंसं वाटत नाही, कारण दारात एक बाई त्या माणसाला झापत उभी असते. "कडी लावतो, कडी लावतो. आता राहू दे, दारच नवीन आण." तो डोकं खाजवत हसतो. "आणतो मावशी, आधी कडी तर आणू द्या." तू तिथल्या तिथे त्याला ठरवलंस. परतताना मी म्हणालो, त्याच्याशी तर सगळेच भांडतात. तू म्हणालीस, "म्हणून तर. त्याला कुणी घाबरत नाही."

मला हे सगळं लख्ख आठवत होतं, आई. विसरलो असतो तर आज बरं वाटलं असतं.

मला जो माणूस मिळाला तो नाशिक रोडचा. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. त्याने इतर मालकांचे नंबर दिले आणि सगळे मालक म्हणाले, झकास माणूस आहे, डोक्याला ताप नाही. तरी मी तो सांभाळत असलेल्या एका इमारतीत गेलो, तुझी आठवण होती म्हणून. जिन्यात दळण घेऊन येणारी एक बाई भेटली. तिला विचारलं, हे बघतात ते कसे आहेत? तिने माझ्या मागे पाहिलं. तो मागेच उभा होता. "काय त्रास नाय," म्हणाली आणि पिठाचा डबा दुसऱ्या कडेवर घेऊन वर गेली. मला नळावरच्या बायका आठवल्या, तिथेच, त्या जिन्यातच. पण माझी संध्याकाळची गाडी होती. आणि तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही बिनधास्त फिरा. तुम्हाला एक फोन येणार नाही." मला नेमकं हेच हवं होतं. मी किल्ल्या देऊन टाकल्या.

त्याचा फोन खरंच आला नाही. एक अनोळखी नंबर अधूनमधून यायचा. कर्जवाले असतील म्हणून मी सोडून द्यायचो.

परत आलो तर वरच्या खोलीचं सामान जिन्यात. पेठ तालुक्याकडचं कुटुंब, नवरा शिफ्टला, बाईच्या कडेवर पोर. टाकीचं झाकण तुटलं होतं, पाण्याला वास येत होता, एवढंच ती त्याला म्हणाली होती. त्याने तिच्या खोलीचा व्हॉल्व्हच बंद केला. तेव्हापासून ती पलीकडच्या वर्कशॉपच्या नळावरून हंडे भरून वर नेत होती. मी विचारलं, मला का नाही कळवलं? "केला व्हता फोन. मावशींकडून नंबर घेतला. उचलला नाय तुमी." आवाज जरासुद्धा चढवला नाही. तुझ्याशी भांडली असती. माझ्यापुढे तिने तांब्या धरला. "प्या. तुमच्या टाकीचं नाय, बाहेरनं आणलंय."

मी प्यायलो. म्हटलं ताई, राहा, आजच नीट करतो. नवरा खाट उतरवत होता, मान वर न करता म्हणाला, "दुसरीकडं शब्द दिलाय आता." गेले. मी गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह फिरवला. एका हाताने सुटला. मावशीला वाटतंय ते लोक गावाकडे परत गेले. मीच तसं सांगितलंय.

त्या माणसाकडून किल्ल्या काढून घेतल्या, झाकण बसवलं. मग तुझ्यासारखा इमारतींमागचे नळ शोधत फिरलो. परवा एका आवारात एक बाई पाण्याच्या मोटारीवरून एका माणसावर ओरडत होती आणि तोही तिच्यावर ओरडत होता. मी दोघांचं संपेपर्यंत थांबलो, मग त्याला सगळं सांगितलं, स्पितीसकट. तो म्हणाला, "बघतो तुमच्या खोल्या. पण मी फोन करणार. कडी तुटली की करणार, मोटार जळली की करणार. मग तुम्ही स्पितीत असा नाहीतर इथल्या सायखेड्यात." मी म्हटलं, करा, जरूर करा. त्याने तिथेच नंबर घेतला आणि मिस कॉल दिला. "लागला का?"

"लागला," मी म्हणालो.

वाजला नव्हता, आई. सायलेंटवर होता. रस्त्यावर आल्यावर आवाज चालू केला.