नवव्या टप्प्याकडची रेघ

रविवार, २२ मे

आज सकाळी जंगलातल्या जिल्हा शर्यतीत आठव्या टप्प्यावरून निघालो तेव्हा पाय हलके होते. इतके हलके गेल्या दहा वर्षांत नव्हते. होकायंत्र पाहिलं, नकाशा पाहिला; या शर्यतीत टप्पे ठरलेले, वाट आपली आपण शोधायची. नवव्या टप्प्याकडे जायच्या दोन वाटा — टेकडीच्या उजवीकडून लांब पण कोरडी, डावीकडून जवळची पण दलदलीची. मी नेहमी उजवी घेतो. तौनो नेहमी डावी घेतो. आणि तीस वर्षं तौनोच जिंकतो. आज मी डावी घेतली.

तो तिथेच पडला होता. ओढ्यातल्या दगडांत, एक पाय भलतीकडे वळलेला. मी वीस पावलांवर. थांबलो. नकाशात डोकं घातलं, काही शोधत असल्यासारखं. त्याने हाक मारली, "इल्मारी." मी मान वर केली नाही. मग पुन्हा, जरा हळू, "इल्मारी."

मी पळालो.

नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. जंगलात कुणी जायबंदी दिसलं की आपली शर्यत संपली, त्याच्यापाशी थांबायचं. मी स्वतः कितीजणांना शिकवलाय.

जिल्ह्यात पहिला आलो, पंचेचाळिशीच्या पुढच्या गटात. आयुष्यात पहिल्यांदा पहिला! तौनो पाऊण तासाने सापडला. साठीच्या गटातली एक बाई, तिने आपली शर्यत सोडली, अंगातलं जाकीट त्याला घातलं आणि माणसं येईपर्यंत शिट्टी वाजवत बसली. घोटा मोडलाय. ओठ निळे पडले होते म्हणतात.

मी त्याला पाडलं नाही. मागून कुणीतरी येणारच होतं — आलंच की.

जिंकणाऱ्याने आपली धाव नकाशावर लाल रेघेने काढायची आणि क्लबच्या खोपट्यात भिंतीला लावायची, ही आमची जुनी रीत. बाकीचे कॉफीचा कप घेऊन तिच्यापुढे उभे राहतात, शिकतात. दुपारी मीही काढली. नवव्याकडे जाताना रेघ टेकडीच्या उजवीकडून नेली. रेघ सरळ आली.

इथे खरं लिहिलं. आणखी कुठे लिहिणार नाही.

सोमवार, २३ मे

लाकूडगिरणीत सगळ्यांनी हात मिळवले. फोरमनने केक आणला होता. घरी हेल्काने, माझ्या बायकोने, पदक स्वयंपाकघराच्या खिडकीला अडकवलं. वारा आला की काचेवर वाजतं. काढ म्हटलं तर म्हणाली, "तीस वर्षं मी तुझे चिखलाचे मोजे धुतलेत. वाजू दे."

मंगळवार, २४ मे

संध्याकाळी सरावाला तळ्याच्या दोन्ही काठांवरचे क्लब होते. मी पोचायच्या आधी तौनोची गोष्ट पोचली होती. दवाखान्यातून त्याने सगळ्यांना सांगितलंय — इल्मारी आला, थांबला, विचारपूस केली. "मीच त्याला हाकललं," म्हणे, "म्हटलं, मागून माणसं येतायत, तू पळ."

लोक माझी पाठ थोपटत होते. मी कॉफी ओतायला वळलो.

कालेर्वो कप घेऊन माझ्या नकाशापुढे उभे होते. रविवारची शर्यत त्यांनीच आखली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण त्या जंगलातला दगड न् दगड त्यांना तोंडपाठ. मी जवळ गेलो तसं नकाशावरून नजर न काढता म्हणाले, "तौनो म्हणतो तू ओढ्यापाशी आलास. तुझी रेघ म्हणते तू तिकडे फिरकलाच नाहीस."

मी जरा मोठ्यानेच म्हटलं, "डोकं आपटलं असेल त्याचं. दुसराच कुणीतरी असेल."

त्यांनी गोड पाव कॉफीत बुडवला. नीट भिजू दिला. "असेल," म्हणाले. "टप्प्यांवर नोंदलेल्या वेळा म्हणतात, तू आठव्यावरून नवव्यावर सहा मिनिटांत पोचलास. उजवीकडून सहा मिनिटांत हरीणही पोचत नाही. पण माझंही आता वय झालं."

आणि निघून गेले.

कुणी सांगितलं होतं तौनोला मध्ये पडायला? मी मागितलं होतं? त्याने गप्प बसायचं, नाहीतर खरं सांगायचं. खरं सांगितलं असतं तर मी तोंडावर नाही म्हटलं असतं. त्याला तरी भांडता आलं असतं. हे असलं दान मला नको!

बुधवार, २५ मे

हिवाळ्यात बर्फावरून घसरायच्या उतारावर दहा वेळा चढलो, दहा वेळा उतरलो. आठव्या चढाला गुडघा बोलायला लागला. त्याला म्हटलं, तुला कुणी विचारलं नाही.

गुरुवार, २६ मे

गुरुवार, म्हणजे गिरणीतल्या जेवणात वाटाण्याचं सूप. टेबलावर तौनोचाच विषय. माझं मंगळवारचं वाक्य दोन दिवसांत तळ्याला वळसा घालून आलंय. आता म्हणे तौनोचं डोकंच फिरलंय. एकजण म्हणाला, "त्याला ओढ्यात तासभर ठेवलं असतं तर तो म्हणाला असता, बिशप आले होते." दुसरा म्हणाला, त्याला आता प्रत्येक झाड इल्मारी दिसणार.

सगळे हसले. मीही हसलो. चमचा खाली ठेवला नाही, सूप संपवलं.

तौनोला तीस वर्षांत कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं. वेडा तर नाहीच.

शुक्रवार, २७ मे

सकाळची प्रार्थना क्षमेच्या ओळीपर्यंत आली. पुढे जाईना. तिथेच सोडून कामाला गेलो. देवाला सवय असेल.

उद्या तौनोकडे जातोय. खडसावायला.

शनिवार, २८ मे

सायकलने तळ्यापलीकडे गेलो. तौनोची बायको आइरी दारात होती. बाजूला झाली. तौनो खुर्चीत, प्लास्टरातला पाय स्टुलावर. मी उंबऱ्यातूनच सुरू केलं, "तुला कुणी सांगितलं होतं खोटं बोलायला?"

"आधी बूट काढ," तो म्हणाला. "तिने आत्ताच फरशी पुसलीय."

बूट काढले. मोज्यांवर माणूस किती भांडणार? आइरीने कॉफी दिली, राय धान्याच्या पातळ पोळीवर उकडलेलं अंडं कालवलेलं लोणी. तौनो म्हणाला, तुझं पदक काढून घेतलं असतं तर ते त्या दुसऱ्या आलेल्या औषधांच्या दुकानवाल्याला गेलं असतं, आणि तो तर टेकडी चढताना मागच्यांना औषधांच्या किमती सांगतो. आइरी हसली नाही. मीही नाही.

मग तो खिडकीकडे बघत बोलला. तीस वर्षं मी त्याच्या मागे, हे त्यालाही दिसायचं. एकदा तरी मी पुढे यावं असं त्याला वाटायचं. ओढ्यात पडल्यापडल्या वाटलं, चला, आज तो दिवस. "मी तुला थांबवायला हाक मारत नव्हतो," तो म्हणाला. "पहिल्यांदा मारली ती दुखत होतं म्हणून. दुसऱ्यांदा मारली ती तू ऐकलं नाहीस असं वाटून."

माझ्या हातात कप होता. तो ठेवायला जागा सापडेना.

"पण माझं डोकं फिरलंय असं पसरवलंस," तो म्हणाला. "ते बरं नाही केलंस, इल्मारी."

त्याच आवाजात. ओढ्यातल्या दुसऱ्या हाकेच्या.

परत येताना समोरून वारा. सगळी वाट मनात भांडत आलो. मी माफी मागितली नाही. आणि तो जी देतोय ती मला नको. मी काही मागितलेलंच नाही, तर कुणी द्यायचं कारण काय?

सौनाची वाफेची खोली तापवली. हेल्का म्हणाली आज वाफ फार घेतोस. तापल्या दगडांवर पाणी ओतत राहिलो.

रविवार, २९ मे

क्लबांची तिघातिघांची आळीपाळीने धावायची शर्यत. मी मधला. आमचा पहिला तिसऱ्या जागी आला, त्याने माझ्या हाताला हात लावला, मी आधाशासारखा सुटलो. चौथ्या टप्प्याकडे जाताना चुकलो. शेजारच्या टेकडीलाच आपली टेकडी धरून बसलो. नकाशात वर मोठा दगड होता, माझ्यापुढे नव्हता. मी म्हटलं शेवाळाखाली असेल. पायवाट नव्हती. म्हटलं बुजली असेल. अकरा मिनिटं तिथेच गोल फिरलो. आम्ही चौदावे.

कालेर्वोंनी नकाशा मागितला. मी बोट ठेवून दाखवलं.

"दगड दिसला नाही?"

"नाही."

"तरी पुढे गेलास?"

"तिथे असायला हवा होता."

त्यांनी नकाशाची घडी घातली, परत दिली. मग खिशातून खोपट्याची किल्ली काढली. उद्या सकाळी त्यांना दवाखान्यात रक्त तपासायला जायचंय, तेव्हा खोपटं मी उघडावं.

मला कळत नाही असं त्यांना वाटतं! मला कुणी ढकलायची गरज नाही. तौनोने नाही, म्हाताऱ्याने नाही. करीन ते माझ्या मनाने करीन, आणि करायचं नसेल तर किल्ली हेल्काच्या हाती परत पाठवीन.

किल्ली टेबलावर आहे. पदक खिडकीवर वाजतंय.

सोमवार, ३० मे

कामाआधी खोपटं उघडलं. उजवीकडची रेघ तशीच ठेवली. खोडली असती तर तेही लपवणंच झालं असतं. दुसरी काढली — डावीकडून, दलदलीच्या कडेने, ओढ्यापर्यंत. तिथे एक छोटा गोल. बाजूला लिहिलं: इथे थांबलो. तौनोने दोनदा हाक मारली. दोन्ही ऐकल्या. जा असं तो म्हणाला नव्हता. त्याचं डोकं शाबूत आहे. खाली माझं पूर्ण नाव.

पदक आणि चिठ्ठी जिल्हा संघाच्या पत्त्यावर पोस्टात टाकली.

मग तौनोला फोन लावला. म्हटलं, "इल्मारी." फोन कानाशी धरून ठेवला.

मग तो म्हणाला, "ऐकतोय."